तेलाचा हात

बॅगेत एकतीस वस्तू होत्या. बारा सुती लंगोट, सहा झबली, चार टोपडी, दोन दुपटी, दोन गाउन, एक पंचा, कागदपत्रांचं एक पाकीट, पोटाला बांधायचा एक पट्टा आणि ‘पान्हा’ असं छापलेल्या दोन चपट्या डब्या. प्रांजली भुयारनं त्या पलंगावर ओळीनं मांडल्या, यादीशी ताडून पाहिल्या आणि पुन्हा भरल्या. अडतिसावा आठवडा संपायला दोन दिवस होते. नंतर आईनं वरून डिंकाच्या लाडवांचा डबा, ओव्याची पुरचुंडी आणि काळा दोरा ठेवला. प्रांजलीनं यादीतला आकडा खोडून चौतीस केला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती महिन्याभरापूर्वी दर्यापूरला आली होती. एरवी ती आणि हर्षल अकोल्याला राहत. खारपाण पट्ट्यातल्या शेतांमध्ये पुरलेले ओलावामापक तपासणं हे तिचं काम. या पट्ट्यातली माती खारी. क्षार विजेला वाट करून देतात, त्यामुळे मापकाला कोरडी मातीही ओली वाटते आणि त्याच्यावर विसंबलेला शेतकरी पाणी देत नाही. प्रांजली शेताशेतांतून नमुने आणून भट्टीत वाळवी, तोलून खरा ओलावा काढी आणि प्रत्येक मापकाला त्याच्या मातीप्रमाणे दुरुस्ती बसवून देई. सहा वर्षं हेच केल्यामुळे तिला एक वाक्य बोलायची सवय लागली होती. आकड्याशी भांडायचं नसतं, असं ती घरी-दारी सगळ्यांना सांगे.

पोटाचा पट्टा आणि ‘पान्हा’च्या डब्या तिच्या विमा योजनेतून आल्या होत्या. पट्टा गर्भाशयाच्या स्नायूंमधले विजेचे बारीक तरंग टिपे आणि कळा कधी सुरू होतील याचा अंदाज सांगे. त्यानं सांगितलं, सोमवारी पहाटे चार ते दुपारी बारा. कळा सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाल्या. आई म्हणाली की इतकं तर ज्योतिषालाही सांगता येत नाही, आणि त्या दिवसापासून घरात विमा कंपनीच्या शब्दाला वजन आलं.

प्रांजलीनं तयारी नेटकी केली होती. कुठल्या कळेला किती श्वास, कुठल्या कुशीवर वळायचं, कधी चालायचं, सगळं तिला पाठ होतं. चौथ्या तासानंतर मोजदाद सुटली. नवव्या तासाला तिनं आईच्या दंडाला इतक्या जोरात धरलं की तिथे पुढे आठवडाभर बोटं उमटलेली दिसत होती. चौदा तास वीस मिनिटांनी मुलगी झाली. वजन दोन हजार नऊशे दहा ग्रॅम. टाके चार पडले. तासाभरात मुलगी छातीशी लागली आणि तायडे सिस्टरनं ‘पान्हा’च्या डबीतली पहिली पट्टी चिकटवली.

तायडे सिस्टर विमा योजनेच्या होत्या. चाळिशीच्या आतल्या, बोलायला मोकळ्या. दवाखान्यातही त्याच येत आणि नंतर घरी फेऱ्याही त्यांच्याच होत्या. त्यांनी पट्टी समजावून सांगितली.

ती बोटभर रुंद, पारदर्शक होती. दोन्ही बाजूंना एकेक, छातीच्या बाहेरच्या कडेला. प्रत्येक पट्टीत धातूचे चार ठिपके. त्यांतून अगदी क्षीण, जाणवणारही नाही असा विद्युतप्रवाह कातडीतून आत सोडायचा आणि त्याला किती अडथळा होतो ते मोजायचं. दूध भरलेलं असलं की आत पाण्याचा अंश जास्त, अडथळा कमी. बाळ पिऊन झालं की अडथळा वाढतो. तो किती टक्क्यांनी वाढला त्यावरून बाळाच्या पोटात किती मिलीलीटर गेलं याचा हिशोब होतो आणि आकडा फोनवर येतो. शतकानुशतकं बायकांना जे कधीच दिसलं नव्हतं ते आता दिसू लागलं होतं. बाटलीला रेघा असतात, छातीला नसतात. ही पट्टी म्हणजे ती रेघ होती.

प्रांजलीनं पट्टीची चूक किती टक्के असते ते विचारलं. सिस्टर म्हणाल्या, आठ. प्रांजलीला ते पुरेसं वाटलं. तिच्या मातीच्या मापकांची याहून जास्त होती.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. मागच्या खोलीत बाज टाकलेली होती, बाजेखाली शेगडी, कोपऱ्यात धुरीसाठी ओवा आणि बाळंतशोपा. माघ उतरणीला लागला होता, तरी आईनं खिडकीची फट चिंधीनं बुजवली होती. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, हे तिनं आधीच बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पंचफुलाबाई आल्या.

पंचफुलाबाई बाळंतिणीला न्हाऊमाखू घालत. गावात हे काम करणाऱ्या पूर्वी अकरा जणी होत्या, आता त्या एकट्याच उरल्या होत्या. वय बासष्ट, मनगटं कुस्तीगिरासारखी. त्यांनी प्रांजलीलाही न्हाऊ घातलं होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. त्या तिळाचं तेल कोमट करून पायांच्या बोटांपासून सुरुवात करत, पोटाला वरून खाली हात फिरवत, कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालत. न्हाणं झालं की अंग पुसून छातीला पुन्हा एकदा तेलाचा हलका हात देत, दूध सुटायला. मग शेक. हे सारं होईपर्यंत पट्ट्या काढून डबीत ठेवलेल्या असत. शेकून झालं की आई कोरड्या फडक्यानं कातडी स्वच्छ पुसे आणि डबीवरच्या चित्राप्रमाणे नव्या पट्ट्या लावी. “त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी,” असं चित्राखाली लिहिलेलं होतं. आई निवृत्त शिक्षिका. सूचना वाचून पाळणं हा तिचा स्वभाव होता.

आकडे येऊ लागले. अकरा. तेरा. बारा. प्रत्येक वेळी मुलगी सुटली की प्रांजली आधी फोन उचले. पंचफुलाबाईंनी ते दोन दिवस पाहिलं आणि तेल चोळता चोळता विचारलं, “लेकराची माय होयस का परीक्षेले बसलीस?”

फोन एकटीचा नव्हता. नोंदणी करताना हर्षलनं कुटुंबातल्या चार जणांची नावं घातली होती, म्हणजे सगळ्यांना आनंद वाटून घेता येईल. त्यामुळे सकाळी साडेआठचा बारा हा आकडा अकोल्यात हर्षलला, त्याच्या आईला आणि बहिणीला, आणि स्वयंपाकघरात प्रांजलीच्या आईला एकाच क्षणी दिसे. सासूबाईंनी शतावरीचं चूर्ण पाठवलं. आईनं आळीवाची खीर दोनदा करायला घेतली. वाईट कुणीच बोललं नाही. पण आई खोलीत आली की मुलीच्या तोंडाकडे बघायच्या आधी फोनकडे बघे, आणि प्रांजलीला ते बाजेवरून दिसे.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली. सटवाई रात्री येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणून पाटाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचा रिवाज. आई हळदीकुंकू वाहत असतानाच फोन वाजला. योजनेचा नियम असा होता: चौथ्या-पाचव्या दिवशी एका वेळचं सरासरी दूध वीस मिलीलीटरच्या खाली असेल तर पूरक दूध सुरू होईल. आकडे पुढे थोडे चढूनही प्रांजलीची सरासरी सोळाच होती. बाळाचं वजन दोन हजार सहाशे नव्वदवर उतरलेलं होतं. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतंच, आणि ही घट अजून चिंतेच्या रेघेच्या आतच होती, असं सिस्टर म्हणाल्या. पण सोळा हा आकडा आतला नव्हता.

सहाव्या दिवशी सकाळी गुडघ्याएवढी, चालक नसलेली पांढरी गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि तिनं तीनदा शीळ घातली. पोटात थंड पेटी, पेटीत मातृदूध पेढीचं दूध, चाळीस मिलीलीटरच्या सहा पिशव्या. दूध निर्जंतुक केलेलं, चांगलं होतं. कुणा अनोळखी आईचं होतं. ती गाडी कुणाच्या दारी थांबते आणि का, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. समोरच्या काकूंनी सायंकाळी येऊन प्रांजलीला सांगितलं की त्यांच्या सुनेलाही असंच झालं होतं, मनाला लावून घेऊ नको. प्रांजलीनं तोवर लावून घेतलेलं नव्हतं.

पिशवी पाजल्यावर मुलगी तीन तास झोपे. आधी ती दीड तासात उठायची. घर शांत झालं, आईला झोप मिळू लागली. प्रांजलीच्या टाक्यांचा ठणका उतरला, ती कोमट पाण्याच्या टबात दिवसातून दोनदा बसे, लाडू खाई, पडून राही. वजन वाढू लागलं. हर्षल रविवारी आला, मुलीला त्यानं स्वतः पिशवीतून वाटी-चमच्यानं दूध पाजलं आणि तो सुखावला. योजनेचं पुढचं पत्र तेव्हाच आलं. चौदाव्या दिवसापर्यंत सरासरी तीसच्या वर गेली नाही तर संपूर्ण पर्यायी दूध सुरू होईल, पट्ट्या बंद होतील आणि आईचं दूध आटवण्यासाठी सल्ला दिला जाईल. पत्राची भाषा सौम्य होती. हर्षल म्हणाला की त्यात कमीपणा काही नाही. प्रांजलीनं मान हलवली. तो गेल्यावर तिनं मुलीला छातीशी धरलं. मुलगी चार घोट प्यायली आणि झोपली. फोनवर नऊ आला.

नवव्या दिवशी पंचफुलाबाई आल्या नाहीत. अंजनगावला भावाच्या नातीचा साखरपुडा होता. प्रांजलीनं स्वतःच साबण लावून अंघोळ केली, आईनं पट्ट्या लावल्या. संध्याकाळी फोनवरच्या आलेखात एक खांब बाकीच्यांच्या वर डोकं काढून उभा होता. त्या दिवसाची सरासरी सव्वीस होती. आदल्या दिवशी पंधरा होती.

आईनं पेला भरून दूध आणलं आणि शतावरी लागू पडली म्हणाली. प्रांजली आलेखाकडे पाहत राहिली. एका रात्रीत दूध पावणेदोनपट होत नसतं. त्या दिवशी वेगळं काय घडलं याची तिनं मनात यादी केली. खाणं तेच, झोप तीच, शतावरी चार दिवस चालूच होती. यादीत एकच गोष्ट उरली.

तिनं हर्षलला फोन लावला आणि कार्यालयातला मातीचे नमुने तोलायचा काटा घेऊन ये म्हणून सांगितलं, दहा किलोचा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. हर्षलनं शांतपणे विचारलं, “आकडा आवडला नाही म्हणून काटा बदलायचा? तूच म्हणतेस ना, आकड्याशी भांडायचं नसतं.”

“भांडत नाही मी,” प्रांजली म्हणाली. “तो आला कुठून ते विचारतेय.”

दहाव्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई हजर झाल्या तेव्हा प्रांजलीनं त्यांना सांगितलं की न्हाण्यानंतरचा तेलाचा हात आज फक्त उजव्या बाजूला द्यायचा. डावीकडे नाही. पंचफुलाबाईंनी वाटी खाली ठेवली. “एका बैलाले ढेप अन दुसऱ्याले उपास?”

“एकच दिवस, मावशी. पाहायचं आहे मला काहीतरी.”

“पाय बाप्पा. तुमी शिकेल लोकं. पाह्यल्याबिगर तुमाले भूकई लागत नाई.”

डावी बाजू प्रांजलीनं स्पिरिटच्या बोळ्यानं तीनदा पुसली. उजवी बाजू आईनं रोजच्यासारखी कोरड्या फडक्यानं पुसली. दिवसभर ती मुलीला आळीपाळीनं दोन्हीकडे पाजत राहिली, तेवढाच वेळ. रात्री आठपर्यंत दहा वेळा पाजून झालं होतं. उजवीकडची सरासरी पंधरा. डावीकडची सत्तावीस.

कोरडं फडकं पाणी टिपतं, तेल नाही. न्हाण्याच्या गरम पाण्यानं आणि शेकानं कातडीची रंध्रं मऊ झालेली, त्यांत तेल मुरलेलं. वर हाताला लागणारही नाही असा पातळ थर. तेल विजेला अडवतं. समजा, दूध भरलेलं असताना अडथळा शंभर आहे आणि पिऊन झाल्यावर एकशे वीस झाला. वाढ वीस टक्के. आता दोन्ही वेळा मध्ये तेलाच्या थराचे ऐंशी मिळवा. एकशे ऐंशी आणि दोनशे. दूध तेवढंच गेलं, पण वाढ दिसते अकरा टक्के. पट्टी निघाली किंवा सैल झाली तर ती लगेच तसं सांगे, पण पातळ, घट्ट, एकसारखा थर तिला कातडीचाच भाग वाटे. पट्टीच्या चाचण्या मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत झाल्या होत्या. तिथल्या बाळंतिणींना तेल लावायला कुणी येत नसावं. प्रांजलीच्या मातीत मापक जास्त सांगे. इथे कमी सांगत होता. बाकी गोष्ट तीच होती.

तिनं हे आईला समजावून सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाबाई दारात दिसताच तेलानं घात केला असं त्यांना सुनावलं. तुमचा हात छातीला लागला नसता तर ती गाडी दारात आली नसती, असंही म्हणाली. पंचफुलाबाईंनी चपला काढल्या, पाय धुतले, मग आत येऊन बाजेच्या कडेला बसल्या.

“तेलाचा काय दोष, जोत्स्नाबाई? तेल तं माह्या आजीच्याई आधीपासून हाय. ही पट्टी काल आली. घरात आली तं तिनं तेलाले इचाराव का नाई, बाई, तू इथं रायते काय म्हून?”

प्रांजली म्हणाली की मालिश चालू राहील, फक्त पट्टीच्या जागी स्पिरिट लावायचं. पंचफुलाबाईंनी वाटी शेगडीवर ठेवली.

त्याच दुपारी हर्षल काटा घेऊन आला. आईनं तो डेटॉलनं पुसला, वर पितळी परात ठेवली, परातीत घडी घातलेली गोधडी. प्रांजलीनं बटण दाबून परात आणि गोधडी वजा केली. मुलगी परातीत हातपाय हलवत होती म्हणून तिनं पाच वेळा वजन घेऊन मधलं धरलं. दोन हजार आठशे ऐंशी. मग त्याच झबल्यात, त्याच लंगोटात, न बदलता तिला पाजलं आणि पुन्हा परातीत ठेवलं. दोन हजार नऊशे आठ.

अठ्ठावीस ग्रॅम. दुधाचा एक मिलीलीटर जवळजवळ एक ग्रॅमच असतो. स्पिरिटनं पुसलेल्या पट्टीनं सत्तावीस दाखवले होते.

हर्षल म्हणाला की म्हणजे पट्टी बरोबर आहे. आई म्हणाली की म्हणजे तेलच चूक होतं. प्रांजली काट्याकडे पाहत होती. दोघांचंही खरं होतं आणि तिला हवा होता तो आकडा यात नव्हता. अकराव्या दिवशी या वजनाच्या बाळाला एका वेळी पन्नास-साठ लागतात. तिच्याकडे अठ्ठावीसच होते.

सायंकाळी तायडे सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी आपलं प्रमाण वजन काट्यावर ठेवून तो तपासला, डाव्या-उजव्याचे आकडे पाहिले आणि बराच वेळ वहीत काही लिहीत बसल्या. मग त्यांनी सांगितलं की छाती ही विहिरीसारखी असते, उपसा तेवढा झरा. साठून राहिलेलं दूध स्वतःच आतल्या पेशींना थांबा म्हणतं. बाळ दिवसातून सहा वेळा पिशवीनं पोट भरून झोपलं, की छातीतलं तेवढं दूध तसंच राहतं, आणि पाच-सहा दिवसांत ते खरोखरच कमी होतं.

“म्हणजे पाचव्या दिवशी मला दूध पुरेसं होतं,” प्रांजली म्हणाली.

“असेल. सोळाचे जवळजवळ तीस झाले असते. पण तेव्हा तोललं कुणी नाही, ताई. आता ते कळायचं नाही.”

“आणि आता खरंच कमी आहे.”

“आता खरंच कमी आहे.”

सिस्टरांनी पुढचा मार्गही सांगितला. योजनेत असहमतीचा एक अर्ज होता. त्यांच्या आठवणीत तो एकदाच भरला गेला होता. त्यावर सही केली की चौदाव्या दिवसाची अट थांबते आणि पिशव्या एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं कमी करता येतात. सहाच्या चार, चाराच्या दोन, मग बंद. दिवसातून बारा वेळा पाजायचं, रात्रीचंही धरून. रोज एकाच वेळी वजन. ओळीनं तीन दिवस वाढ पंधरा ग्रॅमच्या खाली राहिली तर अर्ज रद्द होतो आणि पूर्ण पर्यायी दूध सुरू होतं. तिथे मग आईची सही चालत नाही. मूल सुस्त वाटलं, लघवी कमी झाली तर तीन दिवसही थांबायचं नाही, फोन करायचा.

हर्षलला हे पटलं नाही. मुलगी वाढते आहे, झोपते आहे, तर तिला उपाशी ठेवण्याचा प्रयोग कशासाठी, असं त्यानं विचारलं. त्याचा आवाज चढला नव्हता. तो अर्जातल्या ‘जबाबदारी’ या शब्दावर बोट ठेवून बसला होता. मुलीच्या भुकेचा धोका प्रांजलीलाही दिसत होता, तो शून्य आहे असं ती म्हणू शकत नव्हती.

दारात आई उभी होती. तिनं हातातला पेला खिडकीत ठेवला. “मले बी सांगतलं होतं, दूध नाई म्हून,” ती म्हणाली. शाळेत आयुष्य काढलेल्या आईच्या तोंडी ही बोली क्वचितच येई. “सातव्या दिवशी. सासूनं नुसतं पाह्यलं अन पावडरचा डबा आणला. मी बी मान हलवली. त्यावेळी कोणी परातीत ठेवून पाह्यलं नाई.” मग ती हर्षलकडे वळून नेहमीच्या भाषेत म्हणाली, “जावईबापू, करू द्या तिला. रात्रीचं उठवायला मी आहे.”

हर्षलनं प्रांजलीकडे पाहिलं. तिनं सही केली. साक्षीदाराच्या जागी त्यानं केली. आणि मग फोन काढून त्या चारही जणांची नावं एकेक करून पुसून टाकली, स्वतःचंही. सासूबाईंना काय सांगायचं ते मी पाहतो, म्हणाला.

बाराव्या दिवशी बारसं होतं. वाढ बावीस ग्रॅम. पाळण्याला फुलं बांधून झाली, पाहुण्या बायका गोल बसल्या, हर्षलची बहीण कानात नाव सांगायला वाकली आणि मुलगी रडू लागली. प्रांजली तिला उचलून आतल्या खोलीत गेली. बायका वीस मिनिटं रिकाम्या पाळण्याभोवती बसून राहिल्या; घुगऱ्या नावाआधीच वाटून झाल्या. बाहेर आल्यावर नाव ठेवलं ईशानी. सासूबाईंनी फोन उघडला, त्यात काही दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी प्रांजलीलाच विचारलं की पोरगी नीट प्यायली का. प्रांजली हो म्हणाली.

तेराव्या दिवशी पिशव्या चारावर आल्या. वाढ नऊ ग्रॅम. दोन हजार नऊशे अकरा. जन्माच्या वजनापेक्षा एक ग्रॅम जास्त. चौदाव्या दिवशी पिशव्या दोन. वाढ बारा. ईशानी दर तासाला उठे, छातीशी झगडे, सुटे, रडे, पुन्हा लागे. प्रांजलीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या. पंचफुलाबाईंनी साजूक तूप लावायला दिलं आणि मुलीची हनुवटी दोन बोटांनी खाली दाबून तोंड मोठं उघडायला लावलं. त्यानंतर दुखणं कमी झालं. आई रात्री दर दोन तासांनी गजर लावी आणि गजराच्या आधीच उठलेली असे.

आता एकच दिवस उरला होता. पंधराव्या दिवशीची वाढ पंधराच्या खाली गेली असती तर सिस्टरांना कळवावं लागलं असतं, आणि मग आईची सही उरली नसती. त्या सकाळी प्रांजलीनं काट्याचं बटण दाबलं, मुलीला परातीत ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. आकडा आईनं वाचला. दोन हजार नऊशे एकावन्न.

अठ्ठावीस. आईनं तो आकडा दोनदा सांगितला. त्या दिवसापासून पिशव्या बंद झाल्या. पांढरी गाडी सवयीनं आली, फाटकाशी तीनदा शीळ घातली, कुणी बाहेर आलं नाही म्हणून पाच मिनिटं थांबली आणि वळून गेली.

सोळाव्या दिवशी बत्तीस. सतराव्या दिवशी एकतीस.

अठराव्या दिवशी सकाळी साडेदहाला तायडे सिस्टर आल्या. त्यांनी आपलं प्रमाण वजन ठेवून काटा तपासला. पंचफुलाबाईंचं काम आटोपलं होतं, तरी त्या गेल्या नव्हत्या. दाराशी तेलाची वाटी पुसत बसल्या होत्या. हर्षल रजा काढून आला होता. आईनं परात आणि गोधडी ठेवली. प्रांजलीनं ती वजा केली. वही सिस्टरांच्या हातात होती.

पाजण्याआधी, पाच वेळांतलं मधलं: तीन हजार शेहेचाळीस.

प्रांजलीनं पाजलं. सतरा मिनिटं लागली. झबलं आणि लंगोट तोच.

पाजल्यानंतर: तीन हजार एकशे चार. सिस्टरांनी वहीत ‘लागतात पन्नास-साठ’ याच्या पुढे लिहिलं: अठ्ठावन्न.